मुलांच्या पोटगीचे पैसे कसे सांभाळायचे: हुकूम हातात आल्यापासून मूल अठराचं होईपर्यंत

चार वर्षांपूर्वी पहिल्या महिन्याची पोटगी माझ्या पगाराच्या खात्यात सात तारखेला जमा झाली. चौदा हजार. मेसेज आला तेव्हा मी कुर्ल्याला गाडी बदलत होते. अकरा महिने वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात तारखा केल्यावर तो आकडा पाहून प्लॅटफॉर्मवरच डोळे भरून आले. दहा तारखेला त्याच खात्यातून माझ्या जुन्या पर्सनल लोनचा हप्ता कापला गेला. मग लाइट बिल, मग आईची बीपीची औषधं. वीस तारखेला लेकीच्या शाळेत दुसऱ्या टर्मची फी भरायला काउंटरवर उभी राहिले, क्यूआर कोड स्कॅन केला आणि पैसे कमी पडले. मागे बारा-पंधरा पालकांची रांग होती. मी एक रुपयासुद्धा उधळला नव्हता. तरीही लेकीसाठी आलेले पैसे लेकीच्या शाळेपर्यंत पोचले नव्हते.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी जे बदलायला सुरुवात केली, ते इथे क्रमाने लिहिते आहे. मी आई आहे म्हणून आईच्या बाजूने लिहिते, पण मुलं ज्यांच्याकडे आहेत अशा बाबांनाही हे सगळं लागू पडतं. मी वकील नाही, एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कायद्याचं जे लिहिलंय ते तुमच्या वकिलांसमोर ठेवून तुमच्या केसला कसं लागतं ते विचारून घ्या.

हुकूम आधी नीट वाचा

आपल्यापैकी बहुतेक जणी हुकुमातला फक्त आकडा वाचतात. मीही तेच केलं होतं. एका रविवारी पेन घेऊन बसा आणि या गोष्टींखाली रेघा ओढा.

हुकूम अंतरिम (केस चालू असेपर्यंतचा) आहे की अंतिम? अंतरिम असेल तर रक्कम पुढे बदलू शकते, तिच्या भरवशावर पाच वर्षांचं गणित मांडू नका. मुलाची रक्कम वेगळी लिहिली आहे का, की आईची आणि मुलाची पोटगी एकत्र आहे? एकत्र असेल तर वेगळी करून मागता येईल का, ते वकिलांना विचारा. बायकोला दरमहा मिळणारी पोटगी हे करपात्र उत्पन्न ठरतं, असा मुंबई उच्च न्यायालयाचा जुना निर्णय आहे. कोणती रक्कम कोणासाठी, हे कागदावर स्पष्ट असलेलं बरं. शाळेची फी या रकमेतूनच भरायची की वडील वेगळी भरणार? डॉक्टरचा मोठा खर्च आला तर कोणी द्यायचा? पैसे कोणत्या तारखेपर्यंत यायला हवेत?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोटगी कधीपासून लागू? रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून गेलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी सांगितलं की पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची. म्हणजे हुकूम होईपर्यंत जेवढे महिने गेले, त्यांची थकबाकीही तुमच्या मुलाची आहे. माझ्या बाबतीत ती १,५४,००० रुपये झाली आणि तीन हप्त्यांत आली. त्याचं काय केलं ते पुढे सांगते. इतकी रक्कम एकदम दिसली की नातेवाइकांनाही दिसते, तेव्हा ती यायच्या आधीच ठरवून ठेवा.

वेगळं खातं उघडा, आणि ते मुकं ठेवा

दुसऱ्या बँकेत स्वतःच्या नावाने एक बचत खातं उघडा. मी त्याला मुकं खातं म्हणते, कारण त्याच्यावर एकही हप्ता लावलेला नाही, कुठलंही ऑटो डेबिट नाही, आणि भाजीवाल्याला पैसे देताना मोबाइलवर ते समोर येत नाही. खातं क्रमांक समोरच्याला लेखी कळवा, वकिलांमार्फत कळवलात तर उत्तम. पैसे बँकेतूनच आले पाहिजेत. कधी रोख आलेच तर त्याच दिवशी, तेवढीच रक्कम, त्याच खात्यात भरा आणि मिळाल्याचा मेसेज पाठवा. त्यामुळे पुढे 'मी दिले होते' आणि 'मला मिळाले नाहीत' हा वादच राहत नाही.

मग मुलाच्याच नावाने खातं का नको? उघडा, पण बचतीसाठी. रोजच्या खर्चाला ते अडचणीचं होतं. आईला पालक म्हणून मुलाचं खातं उघडता येतं. कोणी काउंटरवर 'वडिलांची सही आणा' म्हणालं तर शांतपणे शाखा व्यवस्थापकांना भेटा. रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या परिपत्रकातही आई पालक म्हणून खातं उघडू शकते हे स्पष्ट लिहिलं आहे. गीता हरिहरन यांनी मुलासाठी रिझर्व्ह बँकेचे रोखे घेताना आईच्या सहीवरून अडवणूक झाली म्हणून सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला, आणि १९९९ मध्ये निकाल लागला की वडील हयात असले तरी आई नैसर्गिक पालक ठरू शकते. आज आपण बँकेत नुसता फॉर्म भरून मोकळ्या होतो, त्यामागे एका आईची अशी वर्षं आहेत.

घरखर्चात मुलाचा वाटा किती, हे कागदावर काढा

हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि इथेच बायका सगळ्यात जास्त मनस्ताप करून घेतात. 'पोटगीतून किराणा भरला, चुकलं का?' असं मला कितीजणींनी विचारलंय. दुसऱ्या बाजूने टोमणा असतोच, 'माझ्या पैशावर घर चालवतेस.' मूल हवेत राहत नाही. त्याला छप्पर लागतं, पंखा लागतो, दूध-पोळी लागते. त्यातला त्याचा वाटा पोटगीतून घेणं पूर्ण रास्त आहे. फक्त तो वाटा अंदाजाने घेऊ नका, मोजून घ्या.

मी भांडुपला भाड्याने राहते. घरात तीन माणसं: मी, आई आणि लेक. तेव्हाचा माझा हिशोब असा होता. भाडं १८,००० होतं, माणशी ६,०००. किराणा, दूध, भाजी मिळून १२,०००, म्हणजे लेकीचे ४,०००. लाइट, गॅस, इंटरनेट यांत तिचे ७००. शाळेची फी वर्षाला ४८,०००, महिन्याला ४,०००. शाळा मुलुंडला, म्हणून व्हॅनचे २,२००. शिकवणीचे १,५००. कपडे, बूट, औषधं, मैत्रिणींचे वाढदिवस यांची वर्षाची सरासरी काढली तर महिन्याला १,६००. बेरीज २०,०००.

पोटगी १४,०००. म्हणजे उरलेले ६,००० माझ्या पगारातून जात होते. ते योग्यच आहे. १९५६च्या हिंदू दत्तक व पोटगी कायद्याने मुलांना सांभाळण्याची जबाबदारी आई-वडील दोघांवर टाकली आहे. पण हा कागद तयार होईपर्यंत मला वाटत होतं की मी लेकीच्या पैशावर जगते आहे. तीन माणसांनी भागायचं की दोनांनी, हे मात्र प्रामाणिकपणे ठरवा. माझ्या आईचा खर्च लेकीच्या पोटगीतून निघता कामा नये, म्हणून भागाकारात आईला धरलं. ती धरली नसती तर लेकीच्या नावावर उगाच तीन हजार भाडं जास्त पडलं असतं.

आता प्रत्यक्ष पैसे कसे हलवायचे? फी, व्हॅन, शिकवणी आणि ते १,६०० मिळून ९,३०० होतात. हे सगळं मुक्या खात्यातूनच थेट द्यायचं. राहिलेले ४,७०० दर महिन्याच्या आठ तारखेला एकदाच माझ्या पगाराच्या खात्यात, 'घरखर्चातला वाटा' असा शेरा लिहून. घरखर्चासाठी महिन्यात पुन्हा त्या खात्याला हात लावायचा नाही. दहा वेळा दोनशे-तीनशे काढले की कुठलाच हिशोब टिकत नाही. महिनाअखेरीला हात आखडता आला तर तो आपल्या खर्चात घ्यायचा.

यातून काय जाऊ नये? तुमच्या कर्जाचे हप्ते, भावाच्या लग्नाचा आहेर, भिशी, आणि माझ्या मते वकिलांची फीसुद्धा. केस मुलासाठीच लढता आहात हे मला मान्य आहे, तरी मी ती पगारातून दिली. एकदा ते दार उघडलं की शाळेची फी आणि तारखेची फी एकाच पिशवीतून जायला लागते. गावी जाताना मुलाचं तिकीट या पैशातून काढलंत तर चालेल, तुमचं नको.

वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा

खर्च महिन्याच्या मापाने येत नाही. मुंबईत जून महिना एकटाच तीन महिन्यांचं खातो: फी, वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, पावसाळी बूट. जुलै-ऑगस्टमध्ये ताप आणि रक्ताच्या तपासण्या. मग गणपती-दिवाळीचे कपडे, डिसेंबर-जानेवारीत सहल आणि गॅदरिंगचा ड्रेस. मार्चपासून पुढच्या वर्षीच्या शिकवणीचा ॲडव्हान्स.

म्हणून फीचे ४,००० आणि किरकोळचे १,६०० महिन्यात खर्च झाले नाहीत तर ते 'उरले' असं समजू नका. ते जूनचे आहेत. फीच्या रकमेचं मी त्याच बँकेत आवर्ती ठेव खातं उघडलं, टर्मच्या आधी संपेल असं. वह्या मी मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून डझनाने आणते, इमारतीतल्या दोघी-तिघी मिळून. रेनकोट पहिला पाऊस पडायच्या आधी घ्या, नंतर दादरला पाय ठेवायला जागा नसते.

वही आणि फाइल

ॲप वापरा, एक्सेल वापरा, पण मला वहीच जमली. दोनशे पानी लाँगबुक. तारीख, कशासाठी, किती, कसे दिले, पावती आहे का, एवढे पाच रकाने. एक पान असं दिसतं: '१२ जून, पावसाळी बूट, दादर, ४५०, रोख, बिल नाही.' बिल नसलं तरी नोंद करायची, आणि 'बिल नाही' हेही लिहायचं. वाचणाऱ्याचा त्यामुळेच विश्वास बसतो.

औषधाच्या दुकानाची बिलं गुळगुळीत कागदावर असतात, सहा महिन्यांत कोरी पडतात. माझ्याकडे लेकीच्या डेंग्यूच्या वेळची अशी सात कोरी चिटोरी आहेत. बिल हातात पडलं की फोटो काढा, महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. ऑनलाइन पैसे देताना शेरा लिहा: 'व्हॅन ऑगस्ट'. आणि मुंबईकरांनी एक सांभाळायचं. आपण सोसायटीच्या बिलालाही 'मेंटेनन्स' म्हणतो आणि कोर्टाच्या पोटगीलाही. वहीत आणि मेसेजमध्ये 'पोटगी' आणि 'सोसायटी' असंच लिहा. मी पहिल्या वर्षी दोन्हीकडे 'मेंटेनन्स' लिहिलं आणि नंतर कुठली एंट्री कुठली हे सोडवायला एक आख्खी रात्र गेली.

ही वही नुसती मनःशांतीसाठी नाही. रजनेश-नेहा निकालाने दोन्ही पक्षांना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र देणं भाग पाडलं आहे, त्यात मुलाचा खर्च तपशिलात भरावा लागतो. ज्यांच्याकडे वही असते त्या तो रकाना एका दुपारी भरतात.

समोरच्याला हिशोब दाखवायचा का? हुकुमात तसं लिहिलं असेल तर दाखवलाच पाहिजे. नसेल तरी फीची पावती आणि प्रगतिपुस्तक मी दर टर्मला लेकीच्या बाबांना पाठवते. त्यावर कधी उत्तर येतं, कधी येत नाही. पण पैसे कुठे जातात हे दिसलं की ते वेळेवर येण्याची शक्यता वाढते, हा माझा अनुभव आहे. किराण्याचं बिल मात्र मी कोणाला दाखवत नाही.

पैसे आलेच नाहीत तर

हे कधीतरी होणारच असं धरून चाला. म्हणून तीन महिन्यांच्या पोटगीएवढी रक्कम बाजूला हवी. माझ्या थकबाकीच्या १,५४,००० मधले ४०,००० भावाला परत केले, कारण केस चालू असताना त्यानेच फी भरली होती. ४२,००० हा तीन महिन्यांचा आधार म्हणून ठेवला आणि ७२,००० मुदत ठेवीत टाकले. गेल्या चार वर्षांत तो आधार दोनदा वापरावा लागला, आणि दोन्ही वेळा थकलेली रक्कम आल्यावर आधी तो भरून काढला.

तारीख उलटली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकच मेसेज: 'ऑगस्टची पोटगी जमा झालेली नाही. कृपया कळवा.' एवढंच. रागाचे लांबलचक मेसेज उद्या कोर्टात तुमच्यासमोर ठेवले जातात. वहीत लाल पेनाने थकबाकीचा वेगळा रकाना ठेवा.

महिने साचू देऊ नका. पोटगी जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली असेल, किंवा १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, तर थकलेल्या रकमेच्या वसुलीचं वॉरंट मिळण्यासाठी ती देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो. 'दिवाळीनंतर बघू' म्हणत वर्ष निघून जातं आणि मुलाचे पैसे त्या मार्गाने मिळेनासे होतात. न भरलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैदेची तरतूद आहे. हुकूम कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा असेल तर पोटगी देणारा जिथे नोकरी करतो तिथल्या कंपनीने रक्कम थेट त्याच्या पगारातून द्यावी असाही आदेश मागता येतो. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिला आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१०० आहे. घर अगदीच ओढाताणीत असेल तर जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात बाल संगोपन योजनेची चौकशी करा. आई-वडिलांच्या घटस्फोटामुळे अडचणीत आलेल्या मुलांचाही तिथे विचार होतो.

आणि कितीही राग आला तरी पैसे आले नाहीत म्हणून भेट थांबवू नका. रविवारची भेट मुलाची आहे. कायद्याच्या नजरेतही त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रक्कम वाढवून मागताना

मूल मोठं होतं, फी वाढते, हुकुमातला आकडा तिथेच राहतो. परिस्थिती बदलली तर रक्कम बदलून मागता येते, नव्या संहितेत त्यासाठी कलम १४६ आहे. मी दोन वर्षांच्या वह्या, फीच्या वाढलेल्या पावत्या आणि एका पानाचा तुलनेचा तक्ता दिला, तिसरीत असताना इतकं आणि पाचवीत इतकं. रक्कम १७,००० झाली. पोटगी वाढली त्याच दिवशी मी घरखर्चातला वाटा वाढवला नाही. वाढलेले ३,००० आधी पुढच्या दोन टर्मच्या फीला बांधून टाकले.

साठवायचं कुठे

तीन महिन्यांचा आधार पुरा झाल्याशिवाय इथे येऊ नका. मुलगी दहा वर्षांच्या आतली असेल तर सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना. वर्षाला किमान २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, पंधरा वर्षं भरायचे, खातं उघडल्यापासून एकविसाव्या वर्षी मुदत पुरी. दहावी झाल्यावर किंवा अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी शिलकीच्या निम्म्यापर्यंत काढता येतात. पण एका मुलीचं एकच खातं असतं. तिच्या बाबांनी आधीच उघडलंय का, हे अगोदर विचारा. मुलगा असेल तर पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) आहे, फक्त तुमचं आणि त्याचं मिळून वर्षाची मर्यादा दीड लाखच.

म्युच्युअल फंडात मुलाच्या नावाने एसआयपी, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक, करता येते. मूल अठराचं झालं की केवायसी (ओळखीच्या कागदपत्रांची पडताळणी) पुन्हा होईपर्यंत व्यवहार थांबतात, म्हणून कॉलेजच्या प्रवेशाच्या तोंडावर अडकू नये याचा विचार करा. मुलाच्या नावावरचं व्याज करासाठी साधारणपणे पालकाच्या उत्पन्नात धरतात, आणि विवाह संपलेला असेल तर जो पालक मुलाला सांभाळतो त्याच्या. जुनी करप्रणाली घेतली असेल तर फीची पावती तुमच्या खात्यातून भरल्याची ठेवा, शाळेच्या ट्यूशन फीची वजावट ज्याने भरली त्यालाच मिळते.

घटस्फोटात एकरकमी मोठी रक्कम मिळाली असेल तर ती एकाच बँकेत ठेवू नका, व्याज अर्धा टक्का जास्त असलं तरी. ठेवीचं विमा संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंतच आहे. २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला फक्त हजार रुपये काढता येत होते, आणि त्या रांगांमध्ये मुलांच्या शिक्षणाचे पैसे अडकलेले आई-बाप उभे होते. फ्लॅट मुलाच्या नावावर झाला असेल तर तो न्यायालयाच्या परवानगीशिवाय तुम्हाला विकता येणार नाही, हेही आधीच माहीत असू द्या. आणि तुमच्या सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा. नॉमिनी अल्पवयीन असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणारी विश्वासातली मोठी व्यक्तीही नमूद करा.

अठराव्या वर्षाची तयारी सोळाव्यालाच सुरू करा. कलम १४४ खालची मुलाची पोटगी तो सज्ञान झाल्यावर साधारणपणे थांबते. अविवाहित मुलगी स्वतःचा खर्च भागवू शकत नसेल तर तिला १९५६च्या कायद्याखाली पुढेही मागता येते, पण अर्ज वेगळा. बारावीच्या निकालाच्या आठवड्यात हे कळून उपयोग नाही.

मुलाशी काय बोलायचं

'बाबांनी पैसे दिले नाहीत म्हणून सहल नाही' हे वाक्य माझ्या तोंडून एकदा गेलं. लेक काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून परत आली आणि म्हणाली, मला सहलीला जायचंच नव्हतं. तेव्हापासून घरात पैसे नसतील तर 'या महिन्यात बसत नाही, पुढच्या महिन्यात बघू' एवढंच म्हणते, आणि पुढच्या महिन्यात खरंच बघते.

दहा वर्षांची झाल्यावर तिला वही दाखवायला लागले. कोणी किती दिले ते पान नाही, खर्चाची पानं. गेल्या मे महिन्यात तिला फुटबॉलचे स्टड हवे होते, १,९०० चे. किरकोळच्या रकान्यात १,१०० होते. तिने स्वतः वही पुढे ओढली, जूनची पानं चाळली आणि म्हणाली, आई, गेल्या वर्षीचा रेनकोट मला अजून होतो. आम्ही कपाटावरून तो काढला, तिने घालून बघितला, बाह्या मनगटापर्यंत येत होत्या. रेनकोटपुढे रेघ मारून तिथे तिने तिच्या अक्षरात 'स्टड' लिहिलं.